पाणी आभाळाचे की यंत्राचे? नागपूर, चिखलदरा आणि रामटेक : सात दिवस

नागपूरच्या मे महिन्यात आमच्या मोटारहोमच्या टपावरचा एसी दिवसदिवस चालला, तरी त्यातून पाण्याचा एक थेंबही कधी खाली पडला नव्हता. त्यामुळे जूनच्या तिसऱ्या आठवड्यात चिखलदऱ्याला निघताना सामानात छत्र्या होत्या, रेनकोट होते, चिखलात रुतलेल्या चाकाखाली घालायला लाकडी फळ्याही होत्या. पण गाडीच्या आतच पाणी पडेल, असे कोणाच्याही ध्यानीमनी नव्हते.

आधी गाडीविषयी थोडे सांगते, म्हणजे पुढचे समजायला सोपे जाईल. माझे पती बँकेतून आणि मी कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवून निवृत्त झालो, त्यानंतर आम्ही एक जुनी मिनीबस घेऊन तिच्यावर राहण्याजोगी बॉडी बांधून घेतली. आत दोन बिछाने, स्वयंपाकाचा छोटा ओटा आणि बसायचे टेबल आहे. टपाच्या मागच्या अर्ध्या भागात १४ इंच बाय १४ इंचांचे चौकोनी भोक पाडलेले असून त्यावर १३,५०० बीटीयूचा (बीटीयू हे एसीच्या थंड करण्याच्या क्षमतेचे माप) आयात केलेला एसी बसवलेला आहे. १२,००० बीटीयू म्हणजे एक टन, त्या हिशेबाने तो सव्वा टनापेक्षा किंचित कमी भरतो. अशा एसीचे सगळे यंत्र टपावरच असते आणि आतून आपल्याला दिसते ती फक्त हवेची जाळी. सुमारे ४० किलोंचे हे धूड टपावर नुसत्या फोमच्या जाड गॅस्केटवर, म्हणजे फट बुजवणाऱ्या पट्टीवर, टेकलेले असते आणि आतल्या बाजूने चार लांब बोल्ट त्याला खाली ओढून धरतात. घरच्या स्प्लिट एसीला पाणी वाहून नेणारी नळी असते, तशी याला नसते. थंड कॉइलवर जमलेले पाणी तळाच्या उथळ ट्रेमध्ये पडते, ट्रेच्या कडेच्या भोकांतून टपावर येते आणि तिथून गाडीच्या बाजूने खाली ओघळते. पाणी टपावर येणे ही त्याची ठरलेली वाट आहे, ही गोष्ट आमच्या या प्रवासात फार महत्त्वाची ठरली.

पहिला दिवस : नागपूर ते परतवाडा

सकाळी सहा वाजता तर्री-पोहे खाऊन प्रताप नगरातून निघालो. गाडी माझ्या बहिणीचा मुलगा चालवत होता. वाडी मागे टाकून अमरावती रस्त्याला लागलो, की शहराचा गजबजाट एकदम ओसरतो. हा पूर्वीचा राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ६, आता त्याला ५३ म्हणतात. बाजारगाव, कोंढाळी, कारंजा अशी गावे मागे पडत गेली. मृगाचा पाऊस एकदा पडून गेलेला होता आणि दोन्ही बाजूंची काळी शेते वखरून पेरणीची वाट पाहत होती. गुरुकुंज मोझरीला थांबून राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या समाधीचे दर्शन घेतले, अमरावतीत गिला वडा खाल्ला आणि संध्याकाळी पाचच्या सुमारास परतवाड्याला पोहोचलो.

मुक्काम ह्यांच्या एका जुन्या सहकाऱ्याच्या घराच्या फरसबंद अंगणात होता. जनरेटर लावून झोपायचे नाही, हा आमचा नियम आहे, कारण त्याच्या धुरातला कार्बन मोनॉक्साइड वासावरून कळत नाही आणि झोपेत माणसाला सावध व्हायलाही वेळ मिळत नाही. म्हणून घरातल्या १६ अँपिअरच्या प्लगवरून वायर ओढून एसी लावला. हवा दमट होती, अंगाला चिकचिक होत होती. रात्री अकराला जोराचा पाऊस सुरू झाला आणि टपावरच्या त्या ताशाच्या नादात आम्ही झोपी गेलो.

दोन वाजता ह्यांनी मला उठवले. "अगं, माझी उशी ओली झाली आहे," ते म्हणाले. टॉर्च लावला तर एसीच्या जाळीच्या मागच्या डाव्या कोपऱ्याला एक थेंब लोंबत होता. तो हळूहळू फुगला, जाळीच्या कडेने अर्धा इंच पुढे सरकला आणि खाली पडला. तोवर त्याच्या जागी दुसरा तयार झालेला होता. एसी बंद केला, उशी हलवली आणि खाली स्टीलचे पातेले ठेवले. पहाटेपर्यंत त्यात जवळजवळ अर्धा लिटर पाणी साचले.

दुसरा दिवस : परतवाडा ते चिखलदरा

सकाळी मी चहा करेपर्यंत भाचा हार्डवेअरच्या दुकानातून सिलिकॉनची ट्यूब आणि ती दाबायची बंदूक घेऊन आलासुद्धा. "मावशी, रात्रीचा पाऊस पाहिलास ना? गॅस्केट गेलं आहे. चारही बाजूंनी सील मारतो, दहा मिनिटांचं काम," तो म्हणाला. शिडी लावून तो वर चढायच्या बेतात होता. मी त्याला थांबवले.

एक तर पाणी पावसाचेच आहे, हे अजून ठरायचे होते, कारण रात्री पाऊसही होता आणि एसीही चालू होता. दुसरे असे, की एसीच्या तळाभोवती सगळीकडून सिलिकॉन भरले, तर यंत्राचे स्वतःचे पाणी बाहेर पडायची वाटच बुजते. मग ते पाणी तळाखाली कोंडून राहते आणि त्याला जायला एकच जागा उरते, ती म्हणजे मधले चौकोनी भोक. टपावरचा एसी गळू लागला, की पहिला हात सिलिकॉनकडे जातो, आणि पुढे गॅस्केट बदलायची वेळ आली म्हणजे तो वाळलेला थर खरवडून काढताना टपाचा रंगही सोबत निघतो. ट्यूब मी ओट्याखालच्या कप्प्यात ठेवून दिली.

त्या वेळी माझ्या मनात पारडे यंत्राच्या पाण्याकडे झुकलेले होते, आणि त्याचे कारण नागपूरच्या उन्हाळ्यात आहे. नवतपात, म्हणजे मेअखेरच्या सर्वांत तापलेल्या नऊ दिवसांत, पारा ४४ अंशांवर आणि आर्द्रता १५ टक्क्यांवर असते, तेव्हा एक घनमीटर हवेत जेमतेम ९ ग्रॅम वाफ असते आणि तिचा दवबिंदू, म्हणजे वाफेचे पाणी होऊ लागते ते तापमान, साधारण ११ ते १२ अंशांवर येतो. एसीची कॉइल ८ अंशांच्या आसपास असली, तरी त्या हवेतून घनमीटरमागे दोनेक ग्रॅम पाणी निघाले तर निघाले. आपले वाळ्याचे कूलर मे महिन्यात इतके गार वारे देतात, तेही याच कोरडेपणामुळे. जूनमध्ये पाऊस पडून गेल्यावर पारा २८ वर उतरतो, पण आर्द्रता ९० टक्क्यांवर जाते. तेव्हा त्याच एक घनमीटर हवेत २४ ग्रॅमच्या वर वाफ असते आणि त्यातली सुमारे १७ ग्रॅम त्याच कॉइलवर पाणी होऊन बसते. म्हणजे उन्हाळ्यात हवेकडे द्यायला पाणीच नसते, म्हणून एसी कोरडा दिसतो. त्याची पाणी वाहून नेण्याची व्यवस्था नीट आहे की नाही, याची परीक्षा मे महिन्यात होतच नाही.

धामणगाव गढीच्या रस्त्याने घाट चढू लागलो. एसी बंद होता आणि पाऊस रिमझिम चालू होता. पहिल्या काही वळणांवर काही झाले नाही. मग एका उजव्या तीव्र वळणावर गाडी कलली आणि जाळीतून एकदम पेलाभर पाणी भसकन मधल्या वाटेवर पडले. पहाटे दोनपासून बंद असलेल्या यंत्रात इतके पाणी शिल्लक होते, याचा अर्थ ट्रे तुडुंब भरून राहिला होता आणि त्याची भोके काम करत नव्हती. भाच्याने आरशातून मागे पाहिले आणि तो गप्प झाला.

दुपारी चिखलदऱ्यात एका विश्रामस्थळाच्या आवारात गाडी लावली. हे गाव समुद्रसपाटीपासून सुमारे १,१०० मीटर उंचीवर आहे. नागपूर ३१० मीटरच्या आसपास. भीमाने कीचकाला मारून दरीत लोटले ती कीचकदरा, आणि त्यावरून चिखलदरा, अशी इथली आख्यायिका आहे. धुके इतके दाट होते, की वीस पावलांवरचे झाड ओळखू येत नव्हते.

जाळीखाली वर्तमानपत्र अंथरले, एसी बंद ठेवला आणि तीन तास पावसात गाडी तशीच उभी ठेवली. कागद कोरडा राहिला. मग एसी लावला. चाळीस मिनिटांत कागदावर पहिला काळपट डाग उमटला, मागच्या डाव्या कोपऱ्याच्या बरोबर खाली. गाडीत पाणसळ (सपाटी तपासायचे साधन) ठेवून पाहिली, तर त्या आवारात गाडी मागे आणि डावीकडे कललेली होती. ट्रे उथळ असतो, त्यामुळे गाडी थोडीशी कलली तरी भरलेले पाणी उताराच्या कोपऱ्यावरून आत सांडते. पाणी यंत्राचे आहे, असे मी त्या संध्याकाळी वहीत लिहून टाकले. ते वाक्य खोटे नव्हते, पण पुरेसेही नव्हते, हे पुढे नागपूरला कळले.

तिसरा दिवस : चिखलदरा

गारव्याची गरज नव्हती, तरी दमटपणा कमी व्हावा म्हणून रात्री एसी १६ अंशांवर, पंखा मंद ठेवून चालवला होता. पहाटे उठले तेव्हा यंत्राचा आवाज बदललेला होता. नेहमीचा खुला घरघराट जाऊन कोंडल्यासारखा, जड आवाज येत होता आणि जाळीपुढे हात धरला तर वारा जवळजवळ लागत नव्हता. बाहेर पारा २१ अंशांवर होता.

प्लग काढून जाळी उतरवली. फिल्टर हातात घेतला तेव्हा त्याचा मूळ काळा रंग दिसत नव्हता. नागपूरच्या उन्हाळ्याची तांबूस धूळ आणि कुठूनसा आलेला कापसाचा भुरका यांची एक गोधडीच त्यावर विणली गेली होती. टॉर्च आणि ह्यांचा दाढीचा आरसा धरून आत पाहिले, तर कॉइलवर पांढऱ्या बर्फाचा थर होता. मला ते पाहून वाईट वाटले, कारण मे महिन्यातल्या दोन मोठ्या प्रवासांनंतर फिल्टर धुवायला हवा होता आणि ते काम माझ्याकडे होते.

बर्फ का धरतो, हे सांगणे आवश्यक आहे, कारण पुष्कळांना तो यंत्र उत्तम चालल्याची खूण वाटते. कॉइलवरून पुरेशी उबदार हवा वाहत राहिली, तर ती शून्याच्या वर राहते. फिल्टर बुजला, पंखा मंद ठेवला आणि त्यात बाहेरची हवाही गार असली, तर कॉइलला मिळणारी उष्णता कमी पडते, तिचे तापमान शून्याखाली उतरते आणि तिच्यावर जमणारे पाणी तिथेच गोठते. बर्फाने उरलीसुरली फटही बुजते आणि गोठणे वाढत जाते. मग एसी बंद केला, की रात्रभराचा तो सगळा बर्फ थोड्याच वेळात वितळतो आणि ट्रेमध्ये एकदम इतके पाणी येते, की भोके मोकळी असती तरी त्यांना ते झेपले नसते.

कॉम्प्रेसर बंद ठेवून नुसता पंखा पूर्ण वेगाने लावला आणि खाली पातेले धरले. बर्फ वितळायला पाऊण तास लागला. फिल्टर साबणाच्या कोमट पाण्यात तीनदा धुतला. पहिले पाणी चहासारखे निघाले. तो निथळून वाळेपर्यंत आम्ही भीमकुंडापर्यंत जाऊन आलो. धबधबा धुक्यात दिसला नाही, त्याचा आवाज मात्र पायांखालून येत होता. परतताना इथल्या मळ्यातली कॉफी विकत घेतली, जी विदर्भात पिकते हे अजूनही पाहुण्यांना सांगून पटत नाही.

स्वच्छ फिल्टर लावून आणि डाव्या मागच्या चाकाखाली फळ्या घालून गाडी पाणसळीत आणली, तापमान २४ वर आणि पंखा वेगात ठेवला. आता बर्फ धरला नाही आणि गळतीही पुष्कळ कमी झाली, तरी तासाभरात पेल्यात दीडदोनशे मिलिलिटर पाणी जमलेच. म्हणजे मूळ दुखणे ट्रेच्या भोकांतच होते.

भाच्याला लगेच टपावर चढून वरचे झाकण उघडायचे होते. टप शेवाळल्यासारखा निसरडा झाला होता, धुक्यात हात पुढे धरला तर बोटे धूसर दिसत होती आणि खालून वर दोन-अडीच मीटरची उंची होती. शिवाय झाकणाखाली कपॅसिटर असतो आणि प्लग काढल्यानंतरही त्यात काही काळ वीज साठून राहू शकते. ओल्या हातांनी, ओल्या टपावर तिथे बोटे घालणे मला मान्य नव्हते. गळणारा एसी दोन दिवस बंद ठेवता येतो. त्याला वर जाऊ दिले नाही.

खालून करता येण्याजोगे मात्र सगळे केले. छताच्या आतली पेटी उतरवल्यावर चौकोनी भोकाच्या कडा आणि ते चार लांब बोल्ट दिसले. समोरच्या डाव्या बाजूचा बोल्ट मी नुसत्या बोटांनी फिरवू शकले. भोकाभोवतीच्या लाकडी चौकटीला त्याच कोपऱ्यावर काळा डाग होता. तो डाग एका रात्रीचा नव्हता. यंत्राचे पाणी मागच्या डाव्या कोपऱ्यातून सांडत होते. मग पुढच्या कोपऱ्यावरचे लाकूड कशाने काळे झाले, हा प्रश्न त्या रात्री मला झोपू देईना.

चौथा दिवस : चिखलदरा ते नागपूर

सकाळी निघून अमरावतीमार्गे संध्याकाळी घरी पोहोचलो. एसी दिवसभर बंद ठेवला होता. वाटेत तिवशाजवळ दहा मिनिटे मोठी सर लागली आणि आत काही पडले नाही.

पाचवा दिवस : नागपूर, हिंगणा रस्ता

हिंगण्याच्या एमआयडीसी परिसरात बसगाड्यांचे एसी दुरुस्त करणाऱ्या एका मिस्त्रींची शेड आहे. त्या दिवशी ऊन स्वच्छ पडले होते. त्यांनी गाडी सपाट सिमेंटवर उभी करून घेतली, वीज पूर्ण तोडली आणि झाकणाचे स्क्रू काढले. मी शिडीच्या वरच्या पायरीवर उभी होते.

आत कडुनिंबाची वाळलेली पाने आणि फुले होती, कारण उन्हाळ्यात गाडी आमच्या दारच्या निंबाखाली उभी असते. ट्रेच्या तळाशी बोटभर काळा, बुळबुळीत गाळ होता. मिस्त्रींनी ट्रेच्या कडेला बोटाने खरवडले आणि म्हणाले, "काकू, हे पाहा. पाणी जाईन कुठून? इथं तर कुंभारणीनं घर बांधून ठेवलं." मातीचे घर बांधणाऱ्या त्या माशीने पाणी जायच्या एका भोकात सुपारीएवढे घरटे लिंपून ठेवले होते, कडक वाळलेले, गुळगुळीत, एका बाजूला वाटाण्याएवढे तोंड असलेले. दुसऱ्या भोकात गाळाचा बूच बसला होता. उन्हाळाभर त्या भोकातून पाण्याचा थेंबही गेला नसल्यामुळे तिला ती जागा कोरडी आणि आडोशाची वाटली असणार.

घरटे ओले करून मऊ केले आणि काडीने काढले. गाळ हाताने उपसला, मऊ ब्रशने आणि साध्या पाण्याने ट्रे आणि कॉइल धुतली. प्रेशरच्या पाण्याचा फवारा मारायचा नाही, असे मी आधीच सांगितले होते, कारण कॉइलची पातळ अॅल्युमिनिअमची पाती त्याने मुडपतात आणि हवेची वाट पुन्हा अडते. मिस्त्रींनाही ते पटलेलेच होते. भोकांतून प्लास्टिकची लवचीक तार आरपार घातली. मग ट्रेमध्ये एक तांब्या पाणी ओतले आणि ते क्षणात टपावर धावत आले. भाच्याने खालून टाळी वाजवली.

मी मात्र त्या काळ्या लाकडाविषयी बोलले. मिस्त्री म्हणाले, "मग वरून पाणी मारून पाहू ना, एका एका बाजूनं." त्यांची पद्धत मला फार आवडली. नळीचे पाणी जोरात न मारता बारीक धारेने सोडायचे, आधी सगळ्यांत खालच्या भागावर, एका बाजूला पंधरा मिनिटे, मग पुढची बाजू. चारही बाजूंवर एकदम पाणी मारले, तर गळते हे कळते, पण कुठून ते कळत नाही. मागची बाजू कोरडी, उजवी कोरडी, डावी कोरडी. समोरच्या बाजूला बारा मिनिटे झाली आणि आत टॉर्च धरून बसलेल्या ह्यांनी हाक दिली. लाकडी चौकटीच्या डाव्या पुढच्या कोपऱ्यावर पाण्याची एक चकाकती रेघ सरकत होती.

म्हणजे पाणी आभाळाचेही होते. चिखलदऱ्यात गाडीचे तोंड चढाकडे होते, त्यामुळे पावसाचे पाणी एसीपासून मागे वाहून गेले आणि तीन तासांत कागद भिजला नाही. परतवाड्याच्या सपाट अंगणात ते एसीच्या पुढच्या कडेला साचून राहिले असणार आणि ट्रेच्या पाण्यात येऊन मिळाले असणार. यंत्राचे की पावसाचे, असा प्रश्न मी पहिल्या सकाळी मांडला होता, आणि एक उत्तर मिळताच दुसरे शोधणे सोडून दिले होते. लाकडावरचा तो डाग दिसला नसता, तर मी स्वच्छ केलेल्या ट्रेवर समाधान मानून पुढच्या पावसात पुन्हा पातेले मांडले असते.

सहावा दिवस : नागपूर

चार बोल्ट आणि विजेची जोडणी सोडवून तिघांनी एसी उचलून बाजूला गादीवर ठेवला. खालचे गॅस्केट पुढच्या बाजूला चपटे होऊन पोळीसारखे झाले होते. बोटाने दाबून सोडले तरी वर येत नव्हते. त्याचे कारण टपातच होते. एसी बसवताना पुढचे बोल्ट प्रमाणाबाहेर आवळले गेले होते, त्यामुळे भोकाच्या पुढचा पत्रा खाली दबून तिथे बशीसारखा खोलगटपणा आला होता. त्या बशीत पाणी साचायचे, चपट्या गॅस्केटखालून आत झिरपायचे, आणि गाडीच्या हादऱ्यांनी पुढे तोच बोल्ट सैल झाला होता.

लाकडी चौकट टोचणीने टोचून पाहिली. ती ओली होती, पण कुजलेली नव्हती, टोक आत रुतले नाही. रात्रभर टेबलफॅन आणि सकाळचे कडक ऊन देऊन ती वाळवली. मिस्त्रींनी पत्र्याखाली आतून दोन आडवे आधार बसवून तो खोलगट भाग वर उचलला आणि पाणसळ ठेवून मला दाखवला.

गॅस्केटसाठी शेडमध्ये स्पंज होता, पण तो मी नको म्हटले. स्पंज उघड्या छिद्रांचा असतो आणि पाणी शोषून धरतो. इथे बंद पेशींचा फोम लागतो, ज्यात पाणी शिरत नाही. इतवारीत रबरी सामानाची चार दुकाने फिरल्यावर योग्य जाडीची पट्टी मिळाली. ती बंद पेशींचीच आहे का ते ओळखायला मी तिचा तुकडा पेल्यात पाण्याखाली दाबून धरला आणि काढून पिळला. त्यातून पाणी निघाले नाही, तेव्हा पैसे दिले. एसीच्या मापाचे आयते गॅस्केट मिळाले असते तर मी तेच घेतले असते, कारण त्याला कोपऱ्यांवर सांधे नसतात. आमचे कोपरे तिरपे कापून, एकमेकांवर चढवून बसवले.

बोल्ट आवळताना मात्र घाई केली नाही. समोरासमोरच्या कोपऱ्यांना आळीपाळीने अर्धाअर्धा फेरा देत, प्रत्येक फेरीनंतर चारही बाजूंनी गॅस्केटची जाडी मोजत गेलो. ती मूळच्या साधारण निम्मी झाली, तिथे थांबलो. मिस्त्रींच्या हाताखालच्या मुलाला आणखी एक फेरा द्यायचा होता. मिस्त्री त्याला म्हणाले, "बस झालं, पोट्टे. दाबायचं आहे, मारायचं नाही." एसीच्या बाहेरून सिलिकॉन लावले नाही. ट्यूब अजून ओट्याखालीच आहे.

संध्याकाळी पुन्हा तीच नळी, तीच बारीक धार, प्रत्येक बाजूला वीस मिनिटे. आत ह्यांनी बोटाने चौकटीच्या चारही कडा चाचपल्या. बोट कोरडे होते.

सातवा दिवस : रामटेक

नळीचे पाणी आणि पाऊस यांत फरक असतो, म्हणून खऱ्या पावसात एकदा पाहायचे होते, आणि दुसऱ्या दिवशी सकाळपासून आभाळ भरून आले होते. रामटेक नागपूरपासून सुमारे ५० किलोमीटरवर आहे. कामठी, कन्हान, मनसर करत अकरा वाजता गडाच्या पायथ्याशी पोहोचलो, वर जाऊन रामाचे दर्शन घेतले आणि उतरून खिंडसी तलावाच्या काठी एका सपाट जागी गाडी लावली. पाणसळ ठेवली, जनरेटर सुरू केला, जाळीखाली त्या दिवशीचे वर्तमानपत्र अंथरले आणि एसी लावला.

दुपारी साडेबाराला पाऊस आला आणि पावणेदोनपर्यंत थांबला नाही. मी छत्री घेऊन बाहेर उभी राहिले. एसीच्या उजव्या बाजूने, टपाच्या कडेवरून पाण्याची एक सलग धार खाली ओघळत होती. पाऊस ओसरल्यावरही ती चालूच राहिली, फक्त बारीक झाली आणि थेंबाथेंबाने चाकाजवळच्या चिखलात एक छोटा खळगा करू लागली. पाऊस थांबल्यानंतर पंधरा मिनिटांनी मी तो थेंब हातावर घेतला. तो थंडगार होता.

आत आले तेव्हा ह्यांनी जाळीखालचे वर्तमानपत्र उचलून घेतलेले होते आणि ते त्यातले शब्दकोडे सोडवत बसले होते. कागद पूर्ण कोरडा होता. मी दुसरा कागद त्याच जागी अंथरला.